टिंकरिंग लॅबमध्ये मेंटॉर झालो त्याचा अनुभव

मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो आणि गेल्या वर्षीपासून खेड तालुक्यातल्या एका शाळेत अटल टिंकरिंग लॅबचा मेंटॉर म्हणून जातो. ऑफिसमधले बरेच जण विचारतात कसं जायचं, म्हणून लिहितोय.

लॅब नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून मिळते, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान, त्यात थ्रीडी प्रिंटर, आर्डुइनो (कोड लिहून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड), सेन्सर, सोल्डरिंगचं सामान सगळं येतं. मेंटॉरला मानधन नाही, आठवड्याला एक-दोन तास द्यायचे. फॉर्म ऑनलाइन आहे, तो सोपा.

खरं काम शाळेत गेल्यावर. लॅब एकदम चकाचक पण सामान कपाटात कुलूपबंद, कारण डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीवर, सही लॅब सांभाळणाऱ्या मॅडमची, काही तुटलं तर जबाब त्यांनीच द्यायचा, आणि ही भीती खोटी नाही हो. मग मॅडमशी बसून ठरवलं की एलईडी, वायरी, रेझिस्टर, स्वस्तातले सेन्सर असं एका वेगळ्या डब्यात ठेवायचं, ते जळलं तरी चालेल, मुलांनी फक्त वहीत लिहायचं काय जळलं आणि का. त्या दिवसापासून कपाट उघडं राहायला लागलं.

नववीच्या मुलांनी मातीतला ओलावा मोजायचं घेतलं, बहुतेकांच्या घरी कांदा, त्यामुळे पाणी कधी द्यायचं हा घरचाच प्रश्न. दोन दांड्यांचा साधा सेन्सर कुंडीत खोचून ठेवला, काही दिवस बरा चालला मग आकडे भलतेच यायला लागले. बाहेर काढला तर एका दांडीवरचं तांबं खाल्लेलं आणि कडेला हिरवट थर. मला कारण माहीत होतं पण बोललो नाही, मॅडमनाही खुणेनं थांबवलं. पोरांनी कोड तपासलं, वायर बदलली, आणि मग एक मुलगी म्हणाली, "सर, ही धनाग्राची बाजू आहे, हे विद्युत अपघटन झालंय." म्हणजे ओल्या मातीतून सतत वीज गेल्यानं पॉझिटिव्ह बाजूच्या दांडीचं तांबं विरघळत होतं. पुस्तकातला धडा तिनं त्या दांडीवर ओळखला! उपायही त्यांनीच काढला, सेन्सरला सतत 5 व्होल्ट द्यायचेच नाहीत, आर्डुइनोच्या पिनवरून रीडिंग घेण्यापुरतं क्षणभर चालू करायचं आणि लगेच बंद.

म्हणून जाणाऱ्यांना एवढंच सांगतो, मुलांच्या हातातला माउस घेऊ नका, कितीही घाई होत असली तरी. आणि शनिवारी शाळा सकाळची असते, वेळ आधी विचारून घ्या. पाबळचा विज्ञान आश्रम इथून जवळ आहे, 1983 पासून तिथे हातानं काम करत शिकवतात, मुलांना तिथे न्यायचंय.

सध्या काळ्या आणि मुरमाड मातीत रीडिंग वेगळं येतंय, त्यामुळे पोरं घरून डब्यात माती आणून प्रत्येक मातीचे आकडे घेतायत. माती परीक्षणातलं कळणारं कुणी शनिवारी यायला तयार असेल तर नक्की सांगा, ते मला येत नाही आणि मुलांचे प्रश्न आता तिथेच येऊन अडलेत.