गळती दिसली पाहिजे

"काळा मारला की सगळं झाकतंय बघा. पण मग गळती कशी दिसणार?"

पेंटरमामांचं हे वाक्य दुपारपासून डोक्यातून जात नाही.

दादांची पांढरी मारुती ८०० अक्कलकोट रोडवरच्या गॅरेजात उभी आहे. इंजिन बाहेर काढलंय. बॉनेटखाली मॅट काळा मारायचा, हे मी घरूनच ठरवून गेलो होतो.

मामांनी शेड कार्ड बाजूला ठेवलं आणि आतल्या पत्र्यावरून बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट, चिकट.

"मॅट खरखरीत असतोय. तेल-धूळ धरून ठेवतोय. ग्लॉसीत जुने ठोके उठून दिसत्यात. फिका राखाडी घ्या, सॅटिनमध्ये, म्हंजे अर्धवट चकाकीचा. फडक्यानं पुसला की झालं. थेंबभर ऑइल सुटलं तरी कळंल."

मी उन्हाचं विचारलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. मामा म्हणाले, पत्र्याला इपॉक्सी प्रायमरच्या अस्तरावर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पेंट पुरतो. जास्त उष्णता सोसणारा पेंट लागतो तो इंजिनच्या ब्लॉकला. अर्थिंगची वायर जिथे पत्र्याला जोडतात, तिथे मात्र आधी टेप लावायची. तिथे रंग बसला की करंट नीट मिळत नाही.

दादा दर रविवारी बॉनेट उघडायचे. हातात जुन्या चादरीचा तुकडा, ऑइलची पट्टी पुसून उजेडात धरायचे. मी मात्र गाडी फोटोत कशी दिसेल एवढंच बघत होतो.

कंपनीतून बॉनेटखाली पांढराच रंग आला होता. उद्या सकाळी मामांना सांगायचंय. राखाडी करू, की दादांचा पांढराच ठेवू?