स्टँडर्ड की स्पोर्ट सस्पेन्शन? साताऱ्याच्या रस्त्यांवरची कामनोंद, टप्पा तिसरा

मागे बसणाऱ्याला आपल्या रस्त्यांवर कुठली सस्पेन्शन बरी, हे बघायचंय. गाडी आधीच्या टप्प्यांतलीच: पेट्रोल हॅचबॅक, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई), टायर १८५/६५ आर१५. स्टँडर्ड स्प्रिंग चाकापाशी पुढे २२ आणि मागे २० न्यूटन/मिमी, म्हणजे एक मिमी दाबायला तितके न्यूटन जोर लागतो. स्पोर्ट स्प्रिंग पुढे ३०, मागे २६, आणि गाडी ३० मिमी खाली. चार जोडण्या ठरल्या होत्या. पूर्ण स्टँडर्ड, स्पोर्ट स्प्रिंग आणि जुनेच शॉकअप, स्पोर्ट स्प्रिंग आणि तिच्याच किटमधले आखूड शॉकअप, स्टँडर्ड स्प्रिंग आणि थोडे कडक शॉकअप. पहिल्या तीन उरकल्या, चौथी सध्या गाडीवर आहे.

तिन्हींतून एक गोष्ट ठळक दिसली, ती आधीच सांगून टाकतो. स्पोर्ट सस्पेन्शनचा जो त्रास मागे बसणाऱ्याला होतो, त्यात कडक स्प्रिंगचा हात लोक समजतात त्यापेक्षा कमी आहे. मोठा वाटा उंची घालवल्याचा.

हिशोब असा. पुढच्या एका चाकावर, स्प्रिंगच्या वरचं वजन ३०० किलो धरलं, तर २२ च्या स्प्रिंगवर गाडी सेकंदाला १.३६ वेळा झुलते, म्हणजे १.३६ हर्ट्झ. ३० च्या स्प्रिंगवर १.५९ हर्ट्झ. स्प्रिंग ३६ टक्के कडक झाली, पण झुलण्याचा वेग वाढला १७ टक्केच, कारण मध्ये वर्गमूळ येतं. माणसाच्या अंगाला उभ्या दिशेत सगळ्यात जास्त टोचतात ते ४ ते ८ हर्ट्झचे हादरे, आयएसओ २६३१ या अंगाला बसणाऱ्या हादऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकातही त्या पट्ट्यालाच सर्वाधिक महत्त्व दिलेलं आहे. १.५९ त्यापासून बराच लांब. मग गाडी इतकी का आपटते?

मागच्या चाकाकडे बघा. मागच्या सीटवर दोघं आणि डिकीत सामान म्हणजे प्रत्येक मागच्या चाकावर साधारण ७५ किलो वाढतात. स्टँडर्ड स्प्रिंग त्यानं ३७ मिमी दबते, स्पोर्ट २८ मिमी. कडक स्प्रिंगनं ९ मिमीसुद्धा वाचवले नाहीत, आणि उंचीत ३० आधीच गेलेत. या गाडीत बंप स्टॉपपर्यंतची (सस्पेन्शन पूर्ण दबताना आपटू नये म्हणून शॉकअपच्या दांडीवर बसवलेल्या रबराच्या गोळीपर्यंतची) मोकळी जागा रिकाम्या गाडीत ५५ मिमी भरली. स्टँडर्डवर माणसं बसल्यावर १८ मिमी उरतात. स्पोर्टवर ५५ वजा ३० वजा २८: गाडी जागेवर उभी असतानाच बंप स्टॉपला टेकलेली. त्यानंतर तुम्ही स्प्रिंगवर बसलेले नसता, रबराच्या गोळीवर बसलेले असता, आणि तिचा कडकपणा दाबागणिक झपाट्यानं चढत जातो. ४ ते ८ हर्ट्झचे ते टोचणारे हादरे इथून येतात.

याचा पुरावा डोळ्यांनी बघायचा असेल तर डस्ट कव्हर वर सरकवून शॉकअपच्या दांडीला खाली सीलला टेकून एक बारीक केबल टाय बांधा. घट्ट हवा, पण बोटानं ढकलला तर सरकेल इतकाच. ठरलेला रस्ता फिरून या. टाय जिथं जाऊन थांबला तिथपर्यंत दांडी आत गेली होती. दुसऱ्या जोडणीत टाय थेट बंप स्टॉपच्या बुडाशी चेपलेला निघाला आणि त्याचा वण गोळीवर उठलेला होता. तिसऱ्या जोडणीत टाय अलीकडे थांबला, कारण किटमधल्या शॉकअपची बॉडी आणि गोळी दोन्ही आखूड असतात. नुसत्या लोअरिंग स्प्रिंग घेऊन पैसे वाचवणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

जुन्या शॉकअपवर कडक स्प्रिंग घातली की दुसरंही एक बिघडतं. २२ च्या स्प्रिंगला डॅम्पिंग रेशो (झुलणं किती लवकर विरतं त्याचं माप) ०.३० यायला शॉकअपकडून सुमारे १५४० न्यूटन-सेकंद प्रति मीटर लागतात. तोच शॉकअप ३० च्या स्प्रिंगखाली ०.२६ वर येतो. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण मुळातच दमलेल्या शॉकअपवर तो लगेच कळतो: आपटते तर आहेच, वर दोनदा उसळून मग थांबते. नव्या स्प्रिंगला ०.३० हवा असेल तर डॅम्पिंग १७ टक्के वाढवायला लागतं. फार नाही. बाजारातले बरेच ‘स्पोर्ट’ शॉकअप यापेक्षा कितीतरी जास्त कडक असतात, ते घेताना जपून.

आता रस्ते. कुठला रस्ता गाडीच्या कुठल्या भागाची परीक्षा घेतो हे लाटेची लांबी आणि वेग यावरून ठरतं.

राष्ट्रीय महामार्ग ४८, शेंद्र्याहून काशीळकडे. ताशी १०० ला २० मीटरची लांब लाट आली तर ती १.३९ हर्ट्झ होते, म्हणजे बरोबर स्टँडर्ड गाडीच्या स्वतःच्या झुलण्यावर. त्यामुळे महामार्गावर स्टँडर्ड गाडी होडीसारखी तरंगते आणि स्पोर्ट गाडी शहाण्यासारखी बसते. इथं मागच्या सीटवरसुद्धा स्पोर्टच बरी, याबद्दल दुमत नको.

स्पीडब्रेकर. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था) १९८८ च्या मापानं बांधलेला असेल तर तो ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येचा आणि ताशी २५ नं ओलांडायचा. त्या वेगानं तो सुमारे अर्ध्या सेकंदाचा, १.९ हर्ट्झचा धक्का देतो. काम स्प्रिंगचं आणि शॉकअपचं. २.४५ मीटर व्हीलबेसच्या गाडीच्या पोटाखाली तो फक्त ४४ मिमी वर येतो, त्यामुळे ३० मिमी खाली आणलेली गाडीही घासत नाही. पण कोरेगाव रस्त्यानं माहुली ओलांडून आत कुठल्याही गावात शिरा आणि ग्रामस्थांनी स्वखुशीनं घातलेला स्पीडब्रेकर बघा: हातभर रुंद, उंची ज्याच्या त्याच्या रागाप्रमाणे. ३५ सेंमीचा तसला उंचवटा ताशी २० ला १६ हर्ट्झचा ठोका देतो. तो गाडीच्या अंगाला झुलवत नाही, चाकालाच उडवतो. चाक, ब्रेक आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांचं ३५ किलो वजन टायर आणि स्प्रिंगच्या मध्ये १२-१३ हर्ट्झला थरथरत असतं. इथं स्प्रिंग २२ आहे की ३० याला फारशी किंमत नाही, कारण टायरचाच कडकपणा २०० च्या घरात आहे. इथं बोलतात टायरची भिंत आणि शॉकअपचा जलद दाबाचा व्हॉल्व्ह. रम्बलरच्या पट्ट्यांचंही तेच.

त्यामुळे स्प्रिंगवर वाद घालणाऱ्यांनी आधी टायरकडे बघावं. १८५/६५ आर१५ ची भिंत १२० मिमी, १९५/५५ आर१६ ची १०७. स्पोर्ट सस्पेन्शन आणि १६ ची अलॉय एकाच दिवशी लावली की कुणामुळे काय झालं ते कधीच कळत नाही. एका वेळी एकच बदल करा. हवा थंड टायरवर, सकाळी गाडी हलवण्याआधी भरायची. महामार्गावरून आल्यावर मोजली तर ३-४ पीएसआय जास्तच दिसणार.

यवतेश्वरच्या घाटात चित्र उलटं होतं. वळणात गाडी किती कलते हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडा) ठरवतात. पण ती किती झटक्यात कलते, हे शॉकअप ठरवतो, दांडीचा वेग सेकंदाला ०.१ मीटरच्या आत असताना. खड्ड्यात हाच वेग १ मीटरच्याही वर जातो. म्हणून चांगला शॉकअप सावकाश हालचालीला घट्ट आणि जलद धक्क्याला सैल असा असतो. स्वस्तातला कडक शॉकअप दोन्हीकडे सारखाच घट्ट. हातानं दाबून हा फरक कळत नाही, कारण हाताचा वेग सावकाशच असतो. घाटात दोन्ही छान वाटतात, आणि कासला पोचेपर्यंत पठाराकडच्या उखडलेल्या साइडपट्टीवर एकदा चाक उतरलं की कुठला कुठला ते समजतं. मागच्या सीटवरच्यांना वळणात मळमळत असेल तर बहुतेक वेळा औषध सावकाश डॅम्पिंग वाढवण्यात आहे, स्प्रिंगमध्ये नाही. चौथी जोडणी त्याचसाठी.

मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा थोडी चपळ हवी, हे १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी दाखवलं. पुढचं चाक उंचवट्यावर आधी चढतं, मागचं नंतर (ताशी ६० ला आपल्या गाडीत ०.१५ सेकंदानं), आणि मागची बाजू जरा जलद झुलली तर ती पुढचीला गाठते, डुलणं पटकन विरतं. रिकाम्या स्टँडर्ड गाडीत पुढे १.३६, मागे १.५९: उत्तम. मागची सीट भरली की मागेही १.३६ आणि गाडी घोड्यागत पुढेमागे होते. स्पोर्टवर, नुसती स्प्रिंग धरली तर, रिकामी १.५९/१.८१, भरलेली १.५९/१.५५. म्हणजे हा दोष दोन्हींत आहे. गाडी एकट्यानं चालवून ‘कम्फर्ट’ ठरवू नका, मागे माणसं बसवा.

मोजणीसाठी मोबाइलच्या सेन्सरनं हादरे नोंदणारं फायफॉक्स ॲप वापरलं. मोबाइल डॅशबोर्डच्या होल्डरवर ठेवला तर होल्डरचीच थरथर नोंदली जाते, आणि सीटवर ठेवला तर फोमची, कारण फोम ४ हर्ट्झच्या आसपास हादरा वाढवतो. सीटच्या रुळाशेजारी, मॅट काढून, पत्र्यावर दुहेरी टेपनं पक्का चिकटवा. गुरुत्वाकर्षण वगळलेलं प्रवेग मोजमाप, उभा अक्ष, नोंद सेकंदाला किमान १००. टाकीतलं इंधन, माणसं, वेग तेच ठेवा. नुसता आरएमएस (हादऱ्यांची एक प्रकारची सरासरी) बघून फसू नका: गुळगुळीत रस्त्यावरचे चार जबर दणके सरासरीत विरघळून जातात. अशा नोंदीला प्रवेगाचा चौथा घात घेणारं व्हीडीव्ही (व्हायब्रेशन डोस व्हॅल्यू) हे माप लावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडणीत आरएमएस जवळजवळ सारखा दिसत होता, व्हीडीव्हीनं मात्र दोघींना वेगळं काढलं.

बसवतानाच्या गोष्टी, ज्यांवर निम्मा आराम अवलंबून असतो. ट्विन-ट्यूब शॉकअप आडवा पडून आलेला असतो. उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून हवा काढल्याशिवाय लावला तर पहिल्यापासून खडखडतो. वरचा नट इम्पॅक्ट गननं फिरवू नका, दांडी आतल्या व्हॉल्व्हसकट गरगर फिरते. दांडी ॲलन कीनं धरा आणि नट पान्यानं. दांडीला पक्कड लावली की क्रोमवर ओरखडा, मग सील आणि मग तेल. नकलच्या बोल्टभोवती आधी रंगाची खूण करा म्हणजे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) निदान जवळपास परत येतो. लॉकनट नवे. माउंटिंग आणि बेअरिंग जुनं ठेवून नवा शॉकअप घालणं ही चुकीची काटकसर, कारण नंतरच्या ‘टक-टक’पैकी बहुतेक तिथून किंवा अँटी-रोल बारच्या लिंक रॉडमधून येतात. आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट: लोअर आर्म आणि मागच्या बीमच्या बुशचे (रबरी सांध्यांचे) बोल्ट चाकं लटकती असताना शेवटचे आवळू नका. गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर, मागे-पुढे ढकलून बसवली की मगच टॉर्क रेंच, आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला. लटकत्या स्थितीत आवळलेलं रबर कायम पिळलेलं राहतं. गाडी ताठ वाटते, उंची खोटी दिसते आणि बुश लवकर फाटतो. ‘स्प्रिंग बसायला वेळ लागतो’ म्हणतात त्यातला बराच भाग हा पीळ असतो.

नव्या गॅस शॉकअपनं गाडी ५-६ मिमी वर उचलली जाते, कारण आतला ४ बारच्या आसपासचा दाब जाड दांडीला बाहेर ढकलत असतो. त्यामुळे उंची (चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत) शॉकअप बदलल्यानंतरच लिहा. अलाइनमेंट त्यानंतर, मॅकफर्सनमध्ये उंची बदलली की टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते) हलतोच.

स्प्रिंग कापण्याबद्दल पुन्हा विचारणा होते म्हणून आकडा देतो. १२ मिमी तारेची, १४० मिमी व्यासाची, ४ चालू वेढ्यांची स्प्रिंग १८.५ न्यूटन/मिमी असते. एक वेढा कापला की २४.७. म्हणजे कापल्यानं गाडी खाली येते आणि वर तिसऱ्या हिश्श्यानं कडकही होते, शिवाय कापलेलं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही. गॅसनं तापवून बसवलेल्या स्प्रिंगच्या तर ताकदीची हमीच संपली. उलट तार फक्त १ मिमीनं जाड, १३ ची घेतली तरी कडकपणा २५.५ वर जातो आणि उंची कायम ठेवता येते. बऱ्याच मॉडेलमध्ये डिझेल इंजिन जड म्हणून त्याच्या पुढच्या स्प्रिंग जास्त वजन पेलणाऱ्या असतात. तीच पेट्रोलला लावली तर नाक थोडं वर राहतं, पण स्प्रिंगला दबायची जागा शाबूत राहते. पार्ट नंबर दोन्ही मॉडेलचे ताडून बघा, वाटीचा व्यास जुळतो का तेही.

चौथ्या जोडणीवर घाट आणि महामार्ग झाले. भरल्या गाडीनं कोरेगाव रस्ता राहिलाय, आणि तो ऊस हंगाम सुरू झाल्यावर, ट्रॉल्यांनी कडा चेपल्यानंतरच करायचा आहे. तोवर टायर ३२ पीएसआय, मागच्या दांड्यांवर नवे केबल टाय बांधून ठेवलेत.