गढूळ ग्लास

आज सकाळी तलावाच्या जुन्या मातीच्या बांधावर सहज चक्कर मारायला गेलो आणि गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत आलो.

खालच्या बाजूला, पायथ्याशी गवताचा एक पट्टा नको तितका हिरवागार दिसला. पाय ठेवला तर चपचप. पाझर मातीच्या बांधाला असतोच, त्याचं एवढं नाही. प्रश्न रंगाचा. काचेच्या ग्लासात पाणी धरलं, थोडा वेळ ठेवलं, तर तळाशी बारीक गाळ! म्हणजे पाणी भरावातली माती सोबत घेऊन येतंय, आत पोकळी वाढतेय. अमेरिकेतलं टीटन धरण (तेही मातीचंच) ५ जून १९७६ ला असंच गेलं. सकाळी गढूळ गळती दिसली, दुपारी बाराच्या आत धरण फुटलं.

सांडव्यात (जादा पाणी बाहेर जायची वाट) अडकलेल्या काटक्या हातानेच ओढून काढल्या. उतारावर वाढलेल्या झाडाकडे नुसतं बघत बसलो. सगळ्यांना सावली दिसते, मला बांध पोखरणारी मुळं.

इंजिनियरना फोटो पाठवले. "पाणी हळूहळू उतरवा, एकदम नको, पाण्याकडचा ओला उतार घसरेल. उद्या येतो."

पाझराशी खुणेची खुंटी ठोकून आलोय. ग्लास खिडकीत आहे, अजून टाकवत नाही.