फुटलेल्या मतांचा गठ्ठा

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे निवडणुकीची ड्युटी म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहीत. यादीत नाव लागलं की घरात दोन दिवस कुरकुर चालायची. इथे बर्लिनमध्ये मी ती ड्युटी मागून घेतली. जर्मन पासपोर्ट घेताना भारतीय पासपोर्ट परत करावा लागला होता. त्याच्या बदल्यात हाती काय आलं, ते एकदा आतून बघावं असं वाटत होतं.

२३ फेब्रुवारी २०२५. बुंडेस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची मुदतपूर्व निवडणूक. नोव्हेंबरात सरकार फुटलं, डिसेंबरात चान्सलर शोल्त्स विश्वासठराव हरले आणि सगळं घाईघाईत उरकायचं ठरलं. मला केंद्र मिळालं क्रॉइत्सबेर्गमधलं, श्प्रे नदीपासून चालत पाच मिनिटांवरच्या एका शाळेत. काम लेखनिकाचं, म्हणजे मोजणीचं इतिवृत्त लिहायचं. मतदारसंघ क्रमांक ८२, आणि नाव एका दमात घेता येणार नाही असं: बर्लिन-फ्रीडरिक्सहाइन-क्रॉइत्सबेर्ग-प्रेन्त्सलाउअर बेर्ग पूर्व.

सकाळी आठला दार उघडलं तेव्हाच बाहेर रांग होती. मशीन नाही, शाई नाही. लांबलचक कागद, पडद्याआड एक पेन आणि दोन फुल्या. कागदाचा वरचा उजवा कोपरा कापलेला असतो, म्हणजे अंध मतदाराला आपला साचा कुठल्या बाजूने लावायचा ते बोटांनी कळतं. डावीकडचा रकाना काळ्या छपाईचा: तिथे आपल्या मतदारसंघातला उमेदवार निवडायचा, सर्वात जास्त मतं तो विजेता, आपल्यासारखंच. उजवीकडचा निळा: तिथे पक्ष निवडायचा, आणि कुणाचे किती खासदार ते या दुसऱ्या मतावर ठरतं. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "एवढा पुढारलेला देश, आणि मशीन नाही?" होती बाबा. २००५ मध्ये काही ठिकाणी वापरलीसुद्धा. २००९ मध्ये घटनापीठाने ती घटनाबाह्य ठरवली. मतमोजणी तांत्रिक ज्ञान नसलेल्या सामान्य माणसालाही पडताळून बघता आली पाहिजे, असं न्यायालयाचं म्हणणं. बाबा त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

आमच्या केंद्राध्यक्ष बाई सत्तरीच्या, जन्माने क्रॉइत्सबेर्गच्या. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा थर्मासमधली कॉफी ओतता ओतता त्यांनी मला मतदारसंघाचा इतिहास सांगितला. कागदोपत्री तो २००२ चा, पण बाई सुरुवात करतात बर्लिनच्या भिंतीपासून. आमच्या शाळेजवळचा ओबरबाउम पूल हा तेव्हा सरहद्दीचा नाका होता. नदी पूर्ण रुंदीभर पूर्व बर्लिनच्या ताब्यात, अगदी या काठापर्यंत. या काठावर खेळताना पाण्यात पडलेल्या मुलाला वाचवायला इकडून कुणी उडी मारायची नाही, कारण पाणी दुसऱ्या देशाचं. १९६६ ते १९७५ या काळात पाच मुलं अशी बुडून गेली. बाई हे अगदी कोरड्या आवाजात सांगत होत्या, मलाच कॉफी गिळवेना.

शिवाय या काठावरच्या लोकांना बुंडेस्टागसाठी मतच देता येत नसे. पश्चिम बर्लिनचे २२ प्रतिनिधी शहराची विधानसभा निवडून पाठवायची, आणि त्यांना बॉनच्या, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम जर्मन राजधानीतल्या सभागृहात पूर्ण मताधिकार नव्हता. बाईंनी बुंडेस्टागसाठी पहिलं मत टाकलं ते डिसेंबर १९९० मध्ये, चांगल्या पस्तिशीत.

पुढची गोष्ट मला खरी चटक लावणारी वाटली. पलीकडचा फ्रीडरिक्सहाइन तेव्हा लिश्टेनबेर्गला जोडलेला होता. १९९४ मध्ये तिथून पीडीएसच्या क्रिस्टा लुफ्ट निवडून आल्या. पीडीएस म्हणजे जुन्या पूर्व जर्मनीतल्या सत्ताधारी पक्षाचा वारस. देशभरात त्यांना फक्त ४.४ टक्के मतं, सभागृहात शिरायला लागणारी पाच टक्क्यांची अट काही पार झाली नव्हती. पण जर्मन कायद्यात एक खिडकी आहे: तीन मतदारसंघ थेट जिंकले तर पाच टक्क्यांची अट माफ. पीडीएसने पूर्व बर्लिनमध्ये चार जिंकले आणि ३० खासदार सभागृहात नेले.

२००१ मध्ये बर्लिनचे २३ प्रभाग एकमेकांत मिसळून १२ केले गेले. नदीच्या या बाजूचा क्रॉइत्सबेर्ग आणि त्या बाजूचा फ्रीडरिक्सहाइन यांची लग्नगाठ तेव्हा बांधली गेली. २००२ मध्ये बुंडेस्टागचे मतदारसंघ ३२८ वरून २९९ झाले, तेव्हा तीच जोडी मतदारसंघातही आली, वर प्रेन्त्सलाउअर बेर्गचा पूर्वेकडचा तुकडा. परिणाम काय? त्या वर्षी पीडीएसला चार टक्के मतं आणि थेट जागा दोनच. ही तिसरी त्यांना मिळाली असती तर अख्खा पक्ष आत आला असता, आणि श्रोडर-फिशर सरकारचं ६०३ पैकी ३०६ चं काठावरचं बहुमत टिकलं असतं का, याची मला दाट शंका आहे. नकाशावरची एक रेघ कुठे जाऊन लागते ते बघा.

ती जागा जिंकली हान्स-क्रिस्तियान श्ट्रोबेले यांनी. वकील, लाल मफलर, कायम सायकलवर. ग्रीन पक्षाचेच, पण अफगाणिस्तानात सैन्य पाठवण्याच्या प्रश्नावर २००१ च्या विश्वासठरावात आपल्याच सरकारविरुद्ध मत दिलेले. पक्षाने दुसऱ्या मतांवर निवडून येणाऱ्यांच्या यादीत खात्रीची जागा दिली नाही, मग हे थेट लोकांत उतरले. घोषणाच अशी की श्ट्रोबेलेंना मत म्हणजे फिशरला छळ. फिशर म्हणजे त्यांच्याच पक्षाचे परराष्ट्रमंत्री! ३१.६ टक्क्यांवर निवडून आले, ग्रीन पक्षाची बुंडेस्टागमधली पहिली थेट जागा. नंतर आणखी तीनदा, आणि २००९ मध्ये तर जवळपास ४७ टक्के. पक्षाला निळ्या रकान्यात मिळालेली मतं त्याहून खूपच कमी. म्हणजे हजारो लोक डावीकडे म्हातारबाबांना आणि उजवीकडे भलत्याच पक्षाला फुली मारत होते.

संध्याकाळी सहाला दार लागलं आणि लगेच मोजणीसाठी पुन्हा उघडलं, कारण मोजणी कुणीही येऊन बघू शकतो. तिघंजण खरंच आले, भिंतीला टेकून उभे राहिले. टेबलं जोडून पेटी ओतली. आधी एकूण कागद मोजायचे, यादीतल्या खुणांशी ताळा घ्यायचा. मग गठ्ठे. दोन्ही फुल्या एकाच पक्षाच्या असतील ते त्या त्या पक्षाच्या ढिगात. हे पटापट होतं. कोरे कागद बाजूला, शंकास्पद केंद्राध्यक्षांच्या ताब्यात. आणि डावी-उजवी फुली वेगवेगळ्या पक्षांना गेलेल्या कागदांचा एक स्वतंत्र गठ्ठा. तो दोनदा लावावा लागतो, आधी निळ्या रकान्याप्रमाणे, मग विस्कटून पुन्हा काळ्याप्रमाणे. सगळ्या केंद्रांवर हा गठ्ठा कंटाळवाणा समजतात. आमच्याकडे तो वाढतच चालला होता, आणि मला तर मतदारसंघाचा सगळा इतिहास त्यातच दिसायला लागला होता. ग्रीन-लिंके, लिंके-ग्रीन, एसपीडी (शोल्त्सचा पक्ष)-लिंके. हा भाग अजून मत फोडूनच देतो.

लिंके म्हणजे पीडीएसचंच पुढचं रूप. श्ट्रोबेलेंनंतर २०१७ आणि २०२१ मध्ये ग्रीनच्याच जानान बायराम जिंकल्या, पहिल्या वेळी लिंकेच्या पास्काल माइझर यांच्याविरुद्ध अगदी थोडक्यात. पक्षाच्या धोरणाशी पटेना म्हणून बायराम यावेळी उभ्या राहिल्या नाहीत. माइझर मात्र पुन्हा होते.

शंकास्पद कागदांवर सगळ्या मंडळाने मतदान करायचं असतं. तिथे तो कागद निघाला. निळ्या रकान्यात ग्रीनपुढे स्वच्छ फुली. काळ्या रकान्यात फुली नाहीच, शेवटच्या उमेदवाराच्या खाली निळ्या पेनाने, जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलेलं: श्ट्रोबेले.

ते २९ ऑगस्ट २०२२ ला गेले.

कुणी हसलं नाही. मंडळातला तरुण विद्यार्थी म्हणाला, कायदा सांगतो की कागदावर जादा मजकूर असेल तर मत बाद, म्हणजे दोन्ही बाद. बाई म्हणाल्या, मजकूर पहिल्या मताबद्दल आहे, दुसऱ्या फुलीचा त्याच्याशी संबंध काय? पंधरा मिनिटं चर्चा चालली, आवाज चढले, नियमपुस्तिका या हातातून त्या हातात फिरली. भिंतीपाशी उभ्या असलेल्यांपैकी एक बाई घड्याळ बघायला लागल्या. शेवटी हात वर झाले: पहिलं मत बाद, दुसरं वैध. माझाही हात त्याच बाजूला होता, आणि कायद्यानेही तेच बरोबर असं मला वाटतं. ठराव कागदाच्या पाठीवर लिहायचा, क्रमांक घालायचा आणि इतिवृत्ताला जोडायचा, हे माझं काम. मी लिहिलं. विद्यार्थ्याने त्याचं विरोधी मत नोंदवायला सांगितलं, तेही लिहिलं.

बाईंनी आकडे फोनवरून कळवले, त्या दोनदा वाचत होत्या, पलीकडून दोनदा म्हणवून घेत होत्या. आमच्या केंद्रावर काळ्या रकान्यात लिंके पुढे होते, आणि रात्री उशिरा कळलं की सगळ्या मतदारसंघात तेच. माइझर निवडून आले. अख्ख्या बर्लिनमध्ये लिंके १९.९ टक्क्यांसह पहिल्या क्रमांकावर. २००२ मध्ये नदीपलीकडे हुकलेली जागा तेवीस वर्षांनी त्याच परंपरेतल्या पक्षाकडे आली. या खेपेला नियमही बदललेले होते: सभागृह ६३० वर गोठवलेलं, आणि दुसऱ्या मतांचा आधार नसेल तर मतदारसंघ जिंकूनही जागा नाही. देशभरात २३ विजेते असे घरी बसले. माइझर त्यांत नव्हते.

गठ्ठे बांधून, सील करून, सह्या होईपर्यंत साडेनऊ वाजले. विद्यार्थी आणि बाई दारात उभं राहून अजून त्याच कलमावर वाद घालत होते. सप्टेंबर २०२६ मध्ये शहराच्या विधानसभेची निवडणूक ठरलेली होती, त्यासाठी बाईंनी आम्हा दोघांची नावं तिथल्या तिथे लिहून घेतली.