भुवई

रात्रीचे साडेअकरा. दोघंही झोपलेत. मला झोप येत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

बाई काही तक्रार म्हणून बोलल्या नव्हत्या. लेकाचा पेपर हातात देता देता सहज म्हणाल्या, "गणितं सोडवताना तो सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. काही विचारायचंय का म्हटलं, तर नाही म्हणाला." एवढंच. भागाकाराच्या चाचणीत २० पैकी ९. घरी हीच गणितं बरोबर येतात. रोज येतात. मी शेजारी बसलेली असते.

मी शेजारी बसलेली असते, हे लिहिलं आणि पेन थोडा वेळ तसंच धरून बसले.

संध्याकाळी मुद्दाम लक्ष ठेवलं. २९४ भागिले ७. २९ मध्ये ७ किती वेळा? त्यानं ३ लिहिला, पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलेलंच, आणि नजर वर. समोर पाढे लावलेत तिकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे. मी एक शब्द बोलले नाही. त्यानं खोडरबर घेतलं, ३ खोडला, ४ लिहिला, पुन्हा वर बघितलं आणि मग पुढच्या अंकाकडे गेला. माझी भुवई हलली असणार. आधी वर गेली असेल, मग खाली आली असेल. पान उजेडात धरून पाहिलं तर खोडलेल्या जागी कागद इतका झिजलाय की पलीकडचे आकडे दिसतात. अशा जागा एका पानावर पाच.

म्हणजे इतके दिवस तो भागाकार शिकत नव्हताच. मला शिकत होता.

आणि शिकवलं कोणी? कपाटाच्या दारावर तो ताऱ्यांचा तक्ता मीच चिकटवला. पान बरोबर आलं की तारा, दहा तारे झाले की रात्रीची गोष्ट त्याच्या आवडीची, हवी तेवढी लांब. मानसशास्त्र शिकताना पाठ केलेलं 'साधक अभिसंधान', 'प्रबलन', म्हणजे बक्षिसानं सवय रुजवणं, सगळं बाहेर काढलं होतं. बक्षीस लगेच द्यायचं, पायऱ्या लहान ठेवायच्या, ओरडायचं नाही. आणि उपयोग झाला, हे मी आजही म्हणेन. वही उघडायच्या आधी अर्धा तास रडणारं पोर आता आपणहून दप्तर घेऊन येतं. ताईला हे कधी पटलं नाही. तिनं तो १९७३ चा प्रयोग मला दोनदा ऐकवलाय. लहान मुलांना चित्रं काढण्याबद्दल प्रमाणपत्र देऊ असं आधी सांगितलं, दिलंही, आणि एक-दोन आठवड्यांनी तीच मुलं स्केचपेनांकडे इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ फिरकली. पण त्या मुलांना चित्रांची मुळात ओढ होती. ज्यांना अचानक, न सांगता बक्षीस मिळालं, त्यांची ओढ कमी झालीच नाही. याला भागाकाराची ओढ कधी होती, जी माझ्या ताऱ्यांनी घालवली? ताईशी यावर परत बोलायला हवं. आज नको.

मला आज सारखा आठवतोय तो घोडा. हान्स. बर्लिनचा, १९०४ च्या सुमाराला नाव झालेला. त्याचा मालक फॉन ओस्टेन हा निवृत्त गणितशिक्षक. प्रश्न विचारायचा आणि घोडा खुरानं टकटक करून उत्तर द्यायचा. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांकसुद्धा. तज्ज्ञांची समिती बसली, तिला कुठलीही फसवणूक सापडली नाही. नव्हतीच. पुढे मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टनं उलगडा केला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्सचं उत्तर चुकायचं. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं केसभर वर उचललं जायचं, आणि घोडा थांबायचा. थांबला की खाऊ. वर्षानुवर्षं तो मालक मनापासून शिकवत राहिला, आणि घोडा मनापासून मालकाकडे बघत राहिला.

हे आठवलं आणि मला रडू आलं. दिवसभराचं सगळं उरकून मी त्याच्याजवळ बसते. दमले तरी बसते, डोकं दुखत असलं तरी बसते. कोणी म्हणत नाही मला बस म्हणून. आणि जे एवढं जीव लावून केलं त्यानंच त्याला पांगळं केलं, असं वाटून गेलं. आमचे अण्णा वही बघायला बसले की मी त्यांच्या कपाळाकडे बघायचे. तिथली शीर... जाऊ दे. माझ्या घरात तसं होणार नाही, असं मी ठरवलं होतं. ओरडणं झालंही नाही. पण बघणं तेच राहिलं.

त्याला काय वाटत असेल वर बघताना? भीती नाही, एवढं मला नक्की माहीत आहे. शोधणं आहे त्या नजरेत. अंधारात बटण चाचपावं तसं.

मग वाटलं, माझ्या भुवईवर मी राग तरी किती धरू? फुंग्स्टला सगळं कळलं होतं, तरी त्याच्याही डोक्याची ती हालचाल पूर्ण थांबेना. नंतर तो स्वतः घोड्याच्या जागी बसला, लोकांनी मनात आकडा धरायचा आणि त्यानं हातानं टकटक करायची. बहुतेक सगळ्यांच्या हालचालीवरून त्याला थांबायचं कुठे ते कळलं. आपल्या माणसाचं बरोबर यावं असं वाटत असलं की अंग बोलतंच. माझं बोलणारच. मग अंगच तिथून उठवायला हवं.

बक्षिसानं शिकवण्याचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ स्किनर १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या चौथीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला होता. तिथे त्याला खुपलं ते हे, की आपलं उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नाही आणि सगळ्यांना एकाच वेगानं हाकलं जातं. त्यातून त्यानं शिकवायचं यंत्र केलं. एवढंच माझ्या डोक्यात राहिलं होतं, 'लगेच' हा शब्द. पण त्या यंत्रात आणखी एक गोष्ट होती. मूल उत्तर लिहायचं, तरफ उचलायचं, की लिहिलेलं पारदर्शक झाकणाखाली सरकायचं आणि मग खरं उत्तर दिसायचं. दिसल्यावर आपलं बदलता येत नसे. आधी स्वतःचं ठरव, मग बघ. मी 'लगेच' पाळलं, इतकं पाळलं की ठरवायच्या आधीच सांगून मोकळी झाले.

जेवणं झाल्यावर पाच गणितं एका कागदावर लिहिली, उत्तरं मागच्या बाजूला. त्याला पेन्सिलीऐवजी पेन दिलं. म्हटलं, पाचही झाली की मागे बघ आणि तूच खुणा कर. मी आतल्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसले. त्यानं दोनदा हाक मारली, "आई, बरोबर आहे का?" मी म्हटलं, मला इथून दिसत नाही. मग बराच वेळ काही नाही. नुसती खुर्चीची करकर. तो वेळ मला फार लांब गेला, उठून जावंसं तीनदा वाटलं.

तेवढ्यात तो दारात. कागद हातात, पण बघत होता कागदाकडेच.

"आई, ४३७ भागिले ६. ७१ आलं आणि ११ उरले. पण भाजक तर ६ आहे."

मी घडी घालत राहिले. मान वर केली नाही.

"म्हणजे अजून एकदा जातो ना," असं स्वतःशीच म्हणत तो परत गेला.

पाचांतली तीन बरोबर आली. दोन चुकली, त्यांच्यावर त्यानं लहानशा फुल्या केल्या, एवढ्या लहान की शोधाव्या लागल्या. तारा मात्र आठवणीनं मागितला. कशाबद्दल देऊ, विचारलं. थोडा विचार करून म्हणाला, "ते ११ उरले होते ना, त्याचा."

दिला. तक्त्यावर त्यानं स्वतःच चिकटवला, थोडा तिरका.