पानं पूर्ण आहेत

नववीत असताना ग्रंथालयातली व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी घेऊन मी मराठीच्या बाईंकडे तक्रार करायला गेलो होतो. म्हटलं, “बाई, शेवटची पानं फाटलीयत.” बाईंनी पुस्तक मागच्या पुठ्ठ्याकडून उघडलं, पानांवरचे आकडे पाहिले आणि परत हातात दिलं. “पानं पूर्ण आहेत. वाडीच उठली, मग पुढं काय लिहायचं त्यांनी?”

मला ते पटलं नाही. औंध संस्थानातला कोवळा मास्तर मेंढरांमागची पोरं गोळा करून शाळा चालवतो, गावाकडून तालीम बांधून घेतो, आणि दुष्काळ पडला की सगळं टाकून निघून जातो? माझा जीव नुसता तळमळत होता. वाडीतल्या शेकूची बायको तर डोक्यातून जाईना. दुसरा बैल नाही म्हणून तिनं जुवाला स्वतःचा खांदा दिला. कष्टाच्या बाया मी माणदेशात रोज बघत होतो, पण त्या पुस्तकात येतात हे ठाऊक नव्हतं. माडगूळकरांचं माडगुळं आपल्याच मुलखातलं, हेही बाईंनीच सांगितलं.

कॉलेजात भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ हाती आली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर आधी अजिबात आवडला नाही. बापाच्या पैशावर पुण्यात राहून कुरकुरणारा वाटला. त्याची धाकटी बहीण मनी वारते तिथं मात्र मी थांबलो. मलाही धाकटी बहीण आहे. त्या रात्री घरी पत्र लिहिलं. ‘ययाति’ सगळ्यांनी वाखाणली, मला ती कधी भिडली नाही.

२०१३ च्या दुष्काळात गुरांचा डॉक्टर म्हणून मी चारा छावणीवर होतो. एक आजी स्वतःच्या तांब्यातलं पाणी फडक्यावर घेऊन खोंडाचे डोळे पुसत होत्या. घराला कुलूप घालून आल्या होत्या. “जित्राबं इथं, मग घरात कोण ऱ्हाणार?” म्हणाल्या. त्या आठवड्यात जीपमध्ये बसून ‘बनगरवाडी’ पुन्हा वाचली. १९५५ सालची कादंबरी. बाहेर दावणीला बांधलेली गुरं हंबरत होती. मास्तर का निघाला ते तेव्हा कळलं. माझ्या पेटीत लस होती, पाणी नव्हतं.

अलीकडे कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचली. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण मी ती घेतली म्हशीसाठी. धरणामुळं गाव उठतं, म्हैस मागंच राहते आणि तिला आणायला माणूस परत जातो. माणसाचा हात विसरलेलं जनावर कसं बघतं, अंगाला कसं लागू देत नाही, हे मी नोकरीत अनुभवलंय. खोतांनी ते नेमकं पकडलंय. बनगरवाडी उठल्यावर मागं काय राहिलं असेल, हा माझा नववीतला प्रश्न मला इथं पुन्हा भेटला.

शाळेच्या ग्रंथालयासाठी ‘बनगरवाडी’ आणि ‘रिंगाण’ची एकेक प्रत या मनोगतासोबत पाठवतो आहे. पानं पूर्ण आहेत.