पुढचे चार आठवडे गणित नाही
"शाळेत घातलं नाही, मग पोरगी दिवसभर करते तरी काय?" पुण्याहून दर फोनवर हे विचारलं जातं, म्हणून एकदाचं लिहून टाकते. आम्ही इथे कॅलिफोर्नियात लेकीला घरीच शिकवतो.

आधी कायदा. कॅलिफोर्नियात घरी शिकवणारे बरेच पालक दरवर्षी १ ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान राज्याकडे प्रतिज्ञापत्र भरतात. मग कागदोपत्री आपलं घर ही खासगी शाळा! हजेरीसुद्धा ठेवायची. गंमत म्हणजे आम्ही धरलेल्या वॉल्डॉर्फ या शिक्षणपद्धतीची पहिली शाळा १९१९ साली जर्मनीत, श्टुटगार्टला निघाली. वॉल्डॉर्फ-अस्टोरिया सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी, ही पद्धत मांडणारे तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टाइनर यांच्या मार्गदर्शनाखाली. आणि त्याच जर्मनीत घरी शिकवायला सहसा परवानगी नाही.

सकाळी निरांजन लावतो, एक कविता म्हणतो, टाळ्या आणि पावलांवर पाढे होतात. मग मुख्य पाठ, साधारण दोन तास. तीन-चार आठवडे एकच विषय. सध्या मापन चालू आहे, तिसरीचा ठरलेला भाग. सुरुवात वीत आणि हातापासून. लेकीने स्वयंपाकघराचा ओटा वितीने मोजला, मीही मोजला. तिच्या जास्त भरल्या. ती वैतागली. मी मोजपट्टी काढली नाही, विषय तिथेच सोडला. दुसऱ्या दिवशी पोहे खाता खाता म्हणते, "आई, सगळ्यांनी तुझीच वीत धरली तर?" आज करायचं, त्यावर झोपायचं, उद्या आठवून सांगायचं, मग वहीत चित्र काढून लिहायचं: मला या पद्धतीत सगळ्यात पटलेलं हेच. वेगळं पाठ्यपुस्तक नाही, ती वहीच पुस्तक.

पाठ झाला की बाहेर हुंदडणं, दुपारी विणकाम नाहीतर बासरी. घड्याळाकडे मी फार बघत नाही, क्रम मात्र मोडत नाही. पाहुणे आले तर सगळं आखूड होतं, एवढंच.

या पद्धतीत वारानुसार धान्यही असतं. सोमवारी तांदूळ, बुधवारी मिलेट, म्हणजे आमच्याकडे बाजरीची भाकरी. त्यामागचं ग्रहांचं गणित मला पटत नाही, पण "आज काय करू?" हा प्रश्न सुटतो. गुरुवारची राय (rye, गव्हासारखं एक धान्य) मात्र कोणी खाईना, तिथे थालीपीठ.

पुढचा महिना शेतीचा. "महिनाभर गणित नाही? विसरेल ना ती!" इति माझी आई. विसरते थोडं. स्टाइनरवाले म्हणतात, विसरणंही शिकण्याचाच भाग. माझा तेवढा धीर नाही, त्यामुळे सकाळचे पाढे चालूच राहतील.